म्हशींना ठाऊक असलेली पांढर

बदनापूरजवळच्या एका शाळेत मी सहावीला इतिहास शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. प्राचीन संस्कृतींचा धडा आला की मी फळ्यावर आधी एक वाकडीतिकडी रेघ ओढतो. ती नदी. मग तिच्या कडेला चार-दोन चौकोन काढतो. ती घरं. आणि वर्गाकडं वळून विचारतो, माणसं इथंच का राहिली? मुलं एका सुरात सांगतात, पाणी होतं, सुपीक जमीन होती. बरोबर, असं म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडं जायचो.

उत्तर अर्धंच आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला ते ठाऊक असतं. काळी जमीन पिकवते, पण तिच्यावर राहता येत नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. पावसाळ्यात ती फुगते, भिंत तडकवते, आणि चिखलात माणसाचा पाय धरून ठेवते. राहायला लागते ती पांढरी. पांढरी माती कुठं तयार मिळत नाही, ती माणसंच तयार करतात. चुलीची राख, शेणगोठा, पडलेल्या भिंती, फुटलेली मडकी. एक घर पडलं की त्याच्यावर दुसरं. शेकडो पावसाळे असं चाललं की शेताच्या मधोमध एक उंच, फिकट टेकाड उभं राहतं. त्याला आम्ही पांढर म्हणतो. त्या मातीत पाणी मुरत नाही म्हणून माळवदावर, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या सपाट छतावर, तीच पसरतात. धान्य साठवायचं पेवही तिच्यातच खणतात, कारण काळीत पेव खणलं तर जवारी महिन्याभरात कुजेल. गाव नदीमुळं वसतं हे खरंच. ते टिकतं मात्र माणसांनी स्वतःच्या राखेनं रचलेल्या उंचीवर. हे मी कुणासमोरही ठामपणे सांगू शकतो, पुस्तकात असो वा नसो.

मुलांना मात्र मी हे कधी सांगितलं नाही. सांगायचं तर आमच्या शेतातल्या पांढरीचं उदाहरण द्यावं लागलं असतं. आणि ती पांढर मी मोडली होती.

आमचं शेत दुधनेच्या वळणाला आहे. गाव नदीपासून जरा मागं, चढावर. नदीच्या अंगाला फक्त खालची आळी, पंधरा-वीस घरं. आमच्या रानाच्या मधोमध ती पांढर होती, दोन पुरुष उंच, वरून सपाट, कडेला दोन बाभळी. तिथं कोण राहत होतं, कधी राहत होतं, कुणाला सांगता येत नसे. ती आमच्या सात-बाऱ्यावर होती, पण आमची एकट्याची कधीच नव्हती. उन्हाळ्याच्या शेवटी सगळं गाव माळवदासाठी माती न्यायला यायचं आणि त्याला एक नियम होता. येताना प्रत्येकानं आपल्या घरच्या चुलीची राख पाटीत भरून आणायची, ती पांढरीवर ओतायची, आणि मगच त्या पाटीत माती भरायची. रिकाम्या पाटीनं कुणी यायचं नाही. वडील सांगायचे की राख ओतल्याशिवाय नेलेली माती छतावर गळते. लहानपणी मला ते खुळचट वाटायचं. आज त्याचा हिशेब मला सरळ दिसतो. नेणाऱ्यानं परत भर घालायची, म्हणून इतक्या पिढ्यांनी खणूनही टेकाड बसलं नाही.

पांढरीचा दुसरा उपयोग खालच्या आळीला. दुधना चढली की ते लोक गुरं सोडून द्यायचे. हाकायची गरज नसे. म्हशी, गाई, शेळ्या आपापल्या चालत पांढरीवर जाऊन उभ्या राहायच्या आणि पाणी उतरलं की परत यायच्या. माणसंही वर बसायची, भाकरी बांधून, गप्पा मारत. मी लहानपणी घराच्या माळवदावरून ते बघायचो आणि मला ती जत्राच वाटायची.

खालच्या आळीच्या टोकाला आमच्या शेताला लागून चाचांचं घर. चाचा म्हणजे आमचे शेजारी, पांढर मोडली तेव्हा पन्नाशीचे. थोडी जमीन, दोन म्हशी, घरात उर्दू, बाहेर मराठी, आणि दोन्हीत सारखाच तिखटपणा. माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि चाचा एकमेकांच्या बांधावर बसून मोठे झालेले. वडील गेल्यावर शेती दादानं बघितली आणि मला शिकवलं. मी मास्तर झालो तेव्हा दादानं आधी चाचांच्या घरी पेढे नेले, मग देवाला.

आता जे सांगायचं ते सांगतो.

अठरा वर्षांपूर्वी आमच्या विहिरीला चांगलं पाणी लागलं होतं. आजूबाजूच्यांचा ऊस अंकुशनगरला कारखान्यावर जाऊन राह्यला होता, आणि मला वाटलं, आपणही ऊस लावावा. उसाला सपाट रान पाहिजे. आमच्या रानाचे पांढरीमुळं दोन तुकडे पडायचे, पाट पलीकडं जायचा नाही. मी दादाच्या मागं लागलो. पांढर सपाट करू, आणि तीच माती सगळ्या रानात पसरू, तिच्यात इतक्या वर्षांची राख आहे, शेण आहे, तयार खत आहे. दादा दोन महिने टाळत होता. शेवटी म्हणाला, “काळीत काळी राहू दे, पांढरीत पांढरी. तू शिकलेला हाईस, पण हे शिकायचं न्हाई, हे बघायचं असतंय.”

मला राग आला. अडाणी माणूस पुस्तकाला उत्तर देतो असं वाटलं. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण वाटलं तेच.

मग दादा आणि वहिनी पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेले. एक दिवस जायला-यायला, एक मुक्काम. त्या दोन दिवसांत मी खोदायचं मशीन आणलं.

सकाळी काम सुरू झालं. दुपारपर्यंत अर्धी पांढर गेली होती. माती इतकी मऊ की मशीनवाला हसत होता, म्हणाला, राखेतच बादली फिरवून राह्यलोय. आणि मग बादली एका पोकळीत घुसली. मी मशीन थांबवून खाली उतरलो. ते पेव होतं. तोंड अरुंद, पोट फुगीर, आतून शेणामातीनं लिंपलेलं आणि भाजून लाल झालेलं. त्याच्या शेजारी दुसरं, त्याच्या पलीकडं तिसरं, एका ओळीत. तिसऱ्याच्या तळाला काळ्या जळक्या दाण्यांचा थर होता. जवारीपेक्षा लांबट. गहू असेल, सातू असेल. मी मूठभर उचलले. हलके होते, कोळशासारखे, पण दाण्याची मधली चीर शाबूत होती.

दाणे किती जुने होते मला माहीत नाही. अंदाज करायचा हक्क मी त्याच दिवशी घालवला. पण इतकं मला कळलं होतं की हे आजोबा-पणजोबांचं नाही. ज्या गोष्टीबद्दल मी आठ वर्षं वर्गात बोलत होतो, ती माझ्या पायाखाली उघडी पडली होती. कुणीतरी काळीत पिकवलं होतं, पांढरीत ठेवलं होतं, आणि कधीतरी आग लागून ते तसंच राहिलं होतं. मी इतिहासाचा मास्तर. मी काय करायला पाहिजे होतं हे माझ्यापेक्षा चांगलं त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी मूठभर दाणे रुमालात बांधले आणि मशीनवाल्याला म्हणालो, “भर लवकर. कुणी बघायच्या आत भर.”

माझं डोकं अगदी साफ चाललं होतं. सरकारी माणसं येतील, काम थांबवतील, रान अडकेल. संध्याकाळपर्यंत पांढर सपाट झाली. पेवांची ओळ खाली दबली किंवा चुरा होऊन रानभर पसरली.

त्याच वर्षी मी शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. मणी, खापरं, जात्याचा तुकडा. त्यातले निम्मे मणी पांढरीवर सापडलेले, चाचांनी आणून दिलेले. मी भाषण केलं होतं, आपला ठेवा आपण जपला पाहिजे वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी परतले. दादा एसटीतून उतरून थेट रानात आला, हातात देवीच्या प्रसादाची पिशवी तशीच. बराच वेळ उभा राहिला. तेवढ्यात चाचा आले, त्यांच्या मागं खालच्या आळीतले सात-आठजण. कुणी केलं हे, म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार होतो की नव्हतो, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. नव्हतो. दादानं माझ्याकडं बघितलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, “मी सांगून गेल्तो. माझं रान हाय.”

मी गप्प राहिलो. माझ्या गप्प बसण्याला लोकांनी वेगळाच अर्थ दिला. बिचारा मास्तर, भावापुढं काय बोलणार.

पहिल्या वर्षी ऊस माणसाच्या दीडपट उंच झाला. मी मनात म्हणालो, बघा. दुसऱ्या वर्षापासून जिथं पांढरी जाड पडली होती तिथं वर कवच धरायला लागलं, पाणी आत जाईना. काळीला भेगा पडतात ती तिची स्वतःची नांगरट असते, ती भेगच बुजली. आम्ही दोन्ही माती घालवल्या. काळी काळी राहिली नाही आणि पांढरी तर उरलीच नाही.

तिसऱ्या वर्षी भादव्यात दुधना चढली. दिवसा, दुपारी जेवणाच्या वेळेला, म्हणून माणसं सगळी वाचली. ती चढाकडं गावात पळाली. पळताना चाचांनी म्हशींची दावी कापली, नेहमीसारखी. त्यांची पुढची घाई पोराबाळांची होती. आणि म्हशी नेहमीच्या वाटेनं गेल्या.

हे मी माळवदावरून बघितलं. चाचांच्या दोन्ही म्हशी, एक मोठी आणि एक तिचीच पहिलटकर लेक, शांतपणे चालत आमच्या रानात आल्या. पांढर जिथं होती त्या जागेवर येऊन थांबल्या. मोठीनं मान वर करून इकडंतिकडं बघितलं. तिच्या पायांना चढ माहीत होता, तो लागेना. पाणी गुडघ्याला आलं, तरी त्या तिथून हलल्या नाहीत, कारण तीच सुखरूप जागा हे त्यांना आईकडून, आजीकडून कळलेलं होतं. खाली चिखलानं पाय धरले. आजूबाजूला आणखी चार-पाच गुरं तशीच येऊन उभी होती. मग वळणावरून मोठा लोंढा आला.

चाचा नंतर आमच्या दारात आले. आरडाओरडा केला नाही. दादाला म्हणाले, “थोरले, जानवर को झूठ नहीं समझता. तुमी त्याला झूठ सांगितलं.” आणि गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बांध एक, विहिरीची वाट एक, पंधरा वर्षं बोलणं नाही. चाचांच्या घरी मयत झाली तेव्हा दादा मातीला गेला, पण मागच्या रांगेत उभा राहिला. चाचा दादाच्या मुलीच्या लग्नात आले नाहीत, आहेर मात्र कुणाच्या तरी हाती पाठवला. माझ्याशी चाचा चांगले वागायचे. मास्तर, या, चहा घ्या. तो चहा माझ्या घशाखाली कसा उतरायचा हे मला माहीत. पण उतरायचा, हेही खरं.

दाणे मी बिस्किटाच्या डब्यात घालून शाळेच्या कपाटात ठेवले होते. नकाशांच्या मागं.

गेल्या वर्षी पुन्हा पाणी खालच्या आळीत शिरलं. कुणाचं काही गेलं नाही, पण लोक घाबरले. ग्रामसभा भरली. गुरांसाठी उंच ओटा बांधायचं ठरलं, जागेवरून मात्र एकमत होईना. दादा उठला आणि म्हणाला की जुन्या पांढरीची जागा घ्या, कागद करून देतो. मग चाचा उठले, आता सत्तरीच्या पुढं, काठीवर. ज्यानं पांढर कापली त्याच्या रानात माझं जनावर पाय ठेवणार न्हाई, म्हणाले. खालची आळी चाचांच्या मागं होती. सरपंचबाईंनी माझ्याकडं बघितलं. तुम्ही इतिहासाचे सर आहात, म्हणाल्या, जुने लोक कुठं आणि का राहायचे ते जरा समजावून सांगा, म्हणजे जागेचा वाद मिटेल.

मी उठलो आणि समजावून सांगितलं. काळी काय, पांढरी काय, नदी कुठून वळते, पेव कुठं टिकतं, गाव का उंचावर रचलं जातं. आयुष्यात मी इतकं चांगलं कधी शिकवलं नाही. लोक ऐकत होते, चाचाही. आणि बोलता बोलता मला दिसलं की मी इथंच थांबलो तर पुन्हा टाळ्या वाजतील.

“ती पांढर दादानं कापली नाही,” मी म्हणालो. “मी कापली. दादा देवीला गेला होता. त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं.”

पुढचंही सांगितलं. मशीन, पेवं, दाणे, आणि दादानं माझ्यासाठी स्वतःवर घेतलेला आळ. इतकी वर्षं ती वाक्यं माझ्या तोंडात तयार बसलेली होती, त्यांना फक्त वाट द्यायची होती. मागून कुणीतरी म्हणालं, भाषणं लय भारी देतो आपला मास्तर. कुणी हसलं नाही. चाचा काठी टेकत निघून गेले. दादाकडं त्यांनी बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.

मला वाटलं होतं दादाला हलकं वाटेल. घरी आल्यावर तो खाटेवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, “मला इचारून सांगायचं होतं. सतरा वर्सं मी ते नीट वागवलं, आन् तू आज माझ्या हातातून काढून घेतलं.”

पुन्हा मी त्याला न विचारता त्याच्या रानात शिरलो होतो, या वेळेस तो समोर बसलेला असताना. तरी सांगितलं याचा मला पस्तावा नाही. एवढी एक गोष्ट मी केली ती बरोबर होती, आणि तिच्यावर मी उभा आहे.

डब्याबद्दल मी जुन्या वस्तूंच्या सरकारी खात्याला पत्र लिहून कळवलं. एक तरुण बाई आल्या. दाणे बघून त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी विचारलं, हे ज्या थरात होते ती जागा दाखवा. मी ऊस दाखवला. त्यांनी वही मिटली, रागावल्या नाहीत, आणि डबा कागदावर सही घेऊन नेला. जाताना मला सर म्हणाल्या, ते मला फार लागलं.

दादावरचा आळ निघाल्यावर खालच्या आळीनं हट्ट सोडला, आणि उन्हाळ्यात जुन्या पांढरीच्या जागीच ओट्याचं काम निघालं. काहीजण म्हणत होते, तलावातला गाळ आणून टाकू, फुकट आहे. मी आडवा आलो. गाळ म्हणजे काळीच, पहिल्या पावसाळ्यात बसेल. खाली दगड, त्यावर मुरूम, आणि वरून पांढरी. पांढरी कुठून आणायची, विचारलं. गावातून, मी म्हणालो. लोकांनी सिमेंटची घरं बांधलीत, जुनी मातीची घरं पडून राहिलीत. त्या भिंती इथल्याच पांढरीतून गेल्या होत्या, त्या परत येऊ द्या. या वेळेस कुणाला पुस्तक दाखवावं लागलं नाही. दादानं आमच्या पडक्या खोलीची भिंत पहिल्यांदा आणून टाकली. माझ्याशी बोलला नाही, पण ट्रॅक्टरवर मला जागा केली.

चाचा आठवडाभर आले नाहीत. मग एका सकाळी आले. त्यांच्या घरी गॅस आहे, चूल फक्त आंघोळीच्या पाण्याला पेटते. ती राख त्यांनी पाटीत भरून आणली होती. डोक्यावर पाटी, हातात काठी. ओट्याच्या चढावर थांबले. दादा पुढं झाला आणि पाटी उतरवून घेतली. दोघांनी मिळून राख ओतली. वाऱ्यानं थोडी दादाच्या मिशीवर बसली.

“थोरले,” चाचा म्हणाले, “बुढ्ढे हो गये तुमी.”

“तुमच्या मागूनच हाय मी, चाचा,” दादा म्हणाला.

एवढंच. मग दोघं तिथंच बसले आणि वहिनीनं पाठवलेला चहा प्याले. मी खाली उभा होतो. मला कुणी वर बोलावलं नाही, आणि मी गेलो नाही.

ओटा आता तयार आहे. पण चाचांच्या गोठ्यातली म्हैस नवी, जाफराबादच्या बाजारातून आणलेली. तिला इथली वाट माहीत नाही. तिला आईनं सांगितलेलं नाही, आजीनं नाही. म्हणून चाचा रोज संध्याकाळी तिला दावं धरून ओट्यावर नेतात, थोडा वेळ उभी करतात आणि परत आणतात. परवा मी शाळेतून येत होतो. ते चढाच्या तोंडाशी दम खात उभे होते. मी सायकल लावली. सभेनंतर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

“धरा, मास्तर,” म्हणाले आणि दावं माझ्याकडं केलं. “हिला पांढर शिकवायची हाय. शिकवायचं काम तुमचं.”

मी दावं धरलं. म्हैस चढावर अडली, मागं ओढायला लागली. मी घाई केली नाही. ती पाय टाकेपर्यंत थांबलो, मग एक पाऊल पुढं गेलो. उद्याही जायचंय. पाऊस लागेपर्यंत रोज.